न बसणारा शिकारी

भोयरभाऊंना आमच्या घरात बसलेलं कोणी पाहिलं नाही. दुर्गजवळच्या स्मृति नगरातल्या आमच्या बैठकीत एक सोफा आहे, वेताच्या दोन खुर्च्या आहेत आणि आल्या पाहुण्याला हात धरून खाली बसवणारी माझी बायको आहे. भोयरभाऊंपुढे यातल्या कोणाचाच टिकाव लागला नाही. चहाचा कप घेऊन ते दारापासून खिडकीपर्यंत सात पावलं जायचे, पडदा दोन बोटं सरकवून बाहेर पाहायचे, आणि सात पावलं परत. बोलणं चालूच. ऐकणाऱ्याची मान आपोआप इकडून तिकडे फिरत राही. त्यांचा एक चहा झाला की मला मानेला बाम लावावा लागे.

"बसा ना भाऊ," बायको म्हणे.

"बसतो ना सूनबाई, घाई काय हाय," असं म्हणून ते आणखी दोन फेऱ्या मारत आणि चपला घालून निघून जात.

यायची तऱ्हा तर आणखी निराळी. फाटकाशी थांबायचं, खिशातून राखेची पुरचुंडी काढायची, चिमूटभर राख हवेत सोडायची आणि ती कुठं जाते ते बघायचं. राख घराच्या दिशेनं गेली, तर हा माणूस वळसा घालून मागच्या दारानं स्वयंपाकघरात उगवे. पहिल्या वेळी बायकोच्या हातून वरणाची वाटी पडली.

"ज्याच्याकडं जायचं त्याले आपला वास आधी नाही गेला पाहिजे," त्यांनी समजावून सांगितलं.

"यांच्या विडीचा वास कोणत्याही वाऱ्यात येतो," बायको नंतर मला म्हणाली. "पुढच्या दारानं यायला सांगा."

मी सांगितलं नाही. मला त्या राखेचं फार कौतुक होतं, कारण ती राख आफ्रिकेतून शिकून आलेली होती.

भोयर मूळचे भंडाऱ्याकडचे, बाप रेल्वेत, मुलगाही रेल्वेत. चरोद्याच्या डिझेल शेडमध्ये फिटर असताना त्यांना टांझानियाला इंजिनं दुरुस्त करायला पाठवलं. करार संपला, बरोबरचे सगळे परत आले, आणि भोयर मात्र तिथल्या एका शिकारीच्या कॅम्पात गाड्या आणि जनरेटर सांभाळायला राहून गेले. पाच हंगाम राहिले. मग एके दिवशी एक पेटी घेऊन दुर्ग स्टेशनावर उतरले आणि हथखोजच्या कारखान्यांत क्रेनची दुरुस्ती करायला लागले. बोरसीत घर बांधलं. मुलीचं लग्न होऊन ती नागपूरला गेली, बायको वारली, आणि नंतर उरलं ते हे चालणं. बोरसीहून स्मृति नगरापर्यंत ते पायीच येत. पंचाहत्तरीच्या माणसानं एवढं चालू नये असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "तू बसून राहते म्हणून तुले शुगर हाय."

ते मला नावानं हाक मारत नसत. मी आमच्या मराठी मंडळाच्या गणपती-स्मरणिकेचा संपादक, म्हणून "लेखक" म्हणत. या शब्दात आदर किती आणि कीव किती, हे मी कधी तपासलं नाही.

शिकारीबद्दल ते बोलत, पण ऐकणाऱ्याला हवं ते बोलत नसत. मला हवी होती डरकाळी. ते सांगत गाडीच्या डिफरन्शियलबद्दल. मला हवे होते अंधारात चमकणारे डोळे. ते सांगत की परदेशी पाहुण्यांच्या गाडीत वाळू गेली की बेअरिंगचा कसा भुगा होतो.

"शिकार म्हणजे मजुरी होय, लेखक," ते खिडकीकडे जाताना म्हणत. "गोळी म्हणजे शेवटचा एक मिनिट. त्याच्या आधी पंधरा दिवस जनावराचं मढं ओढा, झाडाले टांगा, त्याच्यावर पाला झाका."

"पाला कशाला?"

"गिधाडाले दिसलं नाही पाहिजे. बिबट्याले वास गेला पाहिजे. मंग गवताची झोपडी बांधा, तिच्यात भोकं ठेवा, अन् बसा. खोकायचं नाही, खाजवायचं नाही. पावणा पैसे देते गोळीचे, पण खरं काम बसण्याचं हाय."

"आणि तुम्ही बसायचे?"

"बसत होतो तवा," म्हणून ते दाराकडे वळत.

हे बसणं मी एकदाच पाहिलं. आमच्या ओळीत एक बोका माजला होता. कोणाच्या ओट्यावरचं दूध, कोणाचे तळायला काढलेले मासे, त्याला काही वर्ज्य नव्हतं. मी भोयरभाऊंना म्हटलं, आपण याला आफ्रिकन पद्धतीनं धरू. त्यांनी आधी उडवून लावलं. मग बहुधा माझ्या तोंडावरचा उत्साह पाहून दया आली. गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या पाइपाला त्यांनी एक रोहूचं डोकं टांगलं, ते बोक्याला मागच्या दोन पायांवर उभं राहूनच मिळेल इतक्या उंचीवर. वाऱ्याच्या उलट बाजूला दोन खाटा उभ्या करून त्यांवर बायकोची चादर बांधली, चादरीला कात्रीनं दोन भोकं पाडली. चादर नवी होती हे मला नंतर कळवण्यात आलं.

दुपारी तीनला आम्ही त्या आडोशात बसलो. आणि तो माणूस, जो माझ्या सोफ्यावर अर्धं मिनिट टेकला नव्हता, तो दोन तास हलला नाही. डोळ्याची पापणीसुद्धा ठरवून लवत होती. मी शेजारी होतो. पहिल्या दहा मिनिटांत माझ्या पायाला मुंग्या आल्या, वीस मिनिटांत मान आखडली, आणि पाऊण तासाला मला जगातल्या सगळ्या खाजऱ्या जागा आठवल्या. पाचच्या सुमारास बोका आला. कठड्यावर थांबला. मी श्वास धरला. आणि बरोबर त्या वेळी माझ्या खिशातल्या फोननं गणपतीची आरती म्हणायला सुरुवात केली.

बोका गेला. भोयरभाऊ उठले आणि गच्चीवर फेऱ्या मारायला लागले.

"तुले घेऊन म्या आफ्रिकेत गेलो असतो ना," ते म्हणाले, "तं तुलेच टांगलं असतं."

इथवर सगळं ठीक होतं. पुढचा मूर्खपणा माझा.

त्या वर्षी स्मरणिका छापायला जायच्या आदल्या दिवशी कळलं की चार पानं रिकामी राहताहेत. एका सभासदाची दीर्घ कविता येणार होती, ती त्यांच्याकडून पूर्ण झाली नाही आणि आम्ही आग्रह केला नाही. चार पानं भरायची तर काय? मी एका बैठकीत लेख लिहून काढला. त्याला मथळा दिला, "आफ्रिकेच्या वाघाशी झुंज". त्यात भोयरभाऊ एका वडाखाली उभे होते, वाघानं झेप घेतली, आणि त्यांनी दोन डोळ्यांच्या मधोमध गोळी घातली. मला माझी वाक्यं फार आवडली. गणपतीच्या मंडपात चार जणांनी येऊन भोयरभाऊंचे पाय धरले. ते मंडपातही फेऱ्याच मारत होते, त्यामुळे लोकांना त्यांच्यामागे धावत पाय धरावे लागले.

विसर्जनानंतर दोन दिवसांनी ते आले. स्मरणिकेची गुंडाळी हातात.

"लेखक, आफ्रिकेत वाघ कुठून आणला?"

आफ्रिकेत वाघ नसतो ही गोष्ट मला त्या क्षणी पहिल्यांदा कळली. "वाघ म्हणजे... त्या जातीतलं जनावर, असं."

"अन् वड?"

"वातावरण यावं म्हणून."

"अन् गोळी म्या मारली?"

मी बायकोकडे पाहिलं. ती आत निघून गेली.

तेव्हा त्यांनी सांगितलं. खिडकी ते दार, दार ते खिडकी, एकदाही न थांबता.

"बिबट होता. पावणा स्पेनचा होता, त्यानं गोळी मारली ते पोटात लागली. बिबट झाडावरून गवतात पडला. आता तिथला कायदा असा हाय का जखमी जनावर सोडायचं नाही. पण लगेच जायचंही नाही. अर्धा घंटा थांबायचं. बिबट्या जखमी झाला का पळत नाही, दबून राहते, वाट पाहते. आमचा माग काढणारा होता सैदी. हे राख त्याचीच विद्या, त्यानंच शिकवली मले. तो बाजूच्या झाडावर चढून बसला होता पाहाले. कॅम्पाचा साहेब गेला होता दुसरी बंदूक आणाले. म्या गाडीच्या टपावर होतो, दुर्बीण होती माह्याजवळ. मले शेपूट दिसत होती गवतात. पाच मिनिटं पाह्यली. हालली नाही. म्या म्हटलं, मेला रे, उतर."

फेरी झाली. आणखी एक झाली.

"उतरला तो. माह्या भरोशावर उतरला. कावून म्या म्हटलं तसं? मले जेवाले जायची घाई होती, दुसरं काही नाही."

दारापर्यंत जाऊन ते वळले.

"दवाखान्यापर्यंत गाडी म्याच चालवली. रस्ताभर तो मलेच म्हणे, हळू चालव, गाडी खराब होईन. दोन दिवस होता."

त्यांनी गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवली. "छाप हे. जसं झालं तसं छाप. म्या शिकारी नाही, म्या कधी गोळी मारली नाही, अन् माह्या तोंडानं एक माणूस गेला. एवढं छाप."

"छापतो ना भाऊ. पुढच्या गणपतीच्या अंकात."

"वर्षभर लोक मले शिकारी म्हणतीन?"

"अंक वर्षातून एकदाच निघतो."

"मंडळाच्या फळ्यावर लाव चिठ्ठी."

मी चिठ्ठी लिहिली. खरंच लिहिली, सुवाच्य अक्षरात. पण तिच्यात आफ्रिकेत वाघ नसतो हे वाक्य घालणं भाग होतं, आणि संपादक म्हणून ते माझ्या हातून फळ्यावर टाचलं जाईना. चिठ्ठी ड्रॉवरमध्ये राहिली. भोयरभाऊ दर आठवड्याला विचारत, "लावली?" मी म्हणे, "टाचण्या संपल्यात." पाच महिने आमच्या मंडळात टाचण्या संपलेल्या होत्या.

फेब्रुवारीत एका सकाळी नऊच्या सुमारास वानखेडेचा फोन आला. वानखेडे आमच्या मंडळाचा सभासद, हथखोजच्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात सुपरवायझर.

"तुमच्या त्या वाघवाल्या काकांना घेऊन लवकर या. शेडमध्ये बिबट शिरला आहे. माणूस वर अडकला आहे."

मी स्कूटर काढली. बोरसीहून भोयरभाऊंना मागे बसवलं. बसले म्हणजे फूटरेस्टवर पाय देऊन अर्धे उभेच होते. वाटेत एवढंच विचारलं, "चिठ्ठी लावली होती का?" मी हॉर्न वाजवला.

कारखान्याबाहेर तीन-चारशे माणसं. भिंतीवर, ट्रकवर, सगळ्यांचे मोबाइल उंच धरलेले. पोलीस होते, वन विभागाचे दोन शिपाई होते, आणि बेशुद्ध करायचं इंजेक्शन घेऊन येणारी गाडी रायपूरकडून निघाली होती. मालकाचा मुलगा पुढे आला. त्याच्या हातात बापाची बारा बोअरची बंदूक.

"अंकल, बस एक गोली. आप ही कर सकते हो. वानखेडेजी ने बताया, किताब में छपा है."

भोयरभाऊंनी बंदुकीकडे पाहिलंही नाही. मोठ्यानं म्हणाले, "मैंने आज तक चूहा नहीं मारा. जो छपा है वो झूठ है. इसने लिखा है." आणि माझ्याकडे बोट केलं.

तीनशे मोबाइल माझ्याकडे वळले.

"अंकल बहुत सीधे आदमी हैं," गर्दीतून कोणी तरी म्हणालं.

भोयरभाऊ तोवर शेडच्या खिडकीशी पोचले होते. मी त्यांच्या मागे. आत लांबलचक शेड, वर छताखालून धावणारी क्रेन, तिच्या टोकाला ऑपरेटरची केबिन. केबिनमध्ये गैंदलाल साहू. सकाळी आठला तो वर चढला आणि बिबट्या त्याच्या मागून आत आला. केबिनमध्ये फोन नेऊ देत नाहीत, तो खाली डब्याच्या पिशवीत खांबाला टांगलेला. आणि केबिनमधून उतरायची लोखंडी शिडी जिथं टेकते, बरोबर तिथंच पोलादी प्लेटांच्या दोन थप्प्यांच्या फटीत बिबट्या पडून होता. खिडकीतून आम्हाला त्याची पाठ आणि शेपूट दिसत होती. वरून गैंदलालला काहीच दिसत नव्हतं. तासभर आवाज नाही, हालचाल नाही. त्याला वाटलं जनावर गेलं. त्यानं शिडीवर एक पाय ठेवला होता.

वानखेडे ओरडायला तोंड उघडणार, तर भोयरभाऊंनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. "आवाज केला तं ते उठन. हुटर बंद ठेव. काहीच वाजवू नको."

मग खिडकीत उभं राहून त्यांनी दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूंना ताणले, तळवे खाली. क्रेन चालवणाऱ्याला खालून दिली जाणारी खूण. जिथं आहे तिथं थांब, काहीही हलवू नको.

गैंदलालनं खिडकीकडे पाहिलं. बावीस वर्षं तो खालच्या माणसाच्या हातांकडे पाहून काम करत होता. डोक्यानं काही विचार केला असेल असं मला वाटत नाही. पाय आपला आपण शिडीवरून वर गेला.

भोयरभाऊंनी हात खाली केले नाहीत. ते खिडकीतून हललेच नाहीत. पाय जवळ, नजर एकदा शेपटीवर, एकदा केबिनवर. ऊन खिडकीवर आलं, त्यांच्या मानेवरून घाम शर्टात उतरला. हात दुखले की एक खाली घेत, दुसरा ताणलेला. गैंदलाल मधूनच अस्वस्थ होऊन उभा राही, की दोन्ही हात वर. मी पाणी आणलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मी चार वेळा जागा बदलली, एकदा भज्यांच्या गाडीवरही जाऊन आलो, हे कबूल करतो.

"शेपूट हालत नाही," साडेअकराला मी कुजबुजलो. "मेला तर नसेल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

एकच्या सुमारास रायपूरची गाडी आली. पशुवैद्य तरुण होते, शांत होते. पलीकडच्या झरोक्यातून त्यांनी इंजेक्शन मारलं. बिबट्या दोनदा उसळला, प्लेटा खणखणल्या, आणि पंधरा-वीस मिनिटांनी जाळीत गुंडाळून पिंजऱ्यात गेला. पिंजरा बाहेर येताच गर्दीनं टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. मालकाच्या मुलानं बंदुकीसकट फोटो काढून घेतला. सगळे पिंजऱ्यामागे धावले.

गैंदलालनं वर उभं राहून शिडीवर पाय ठेवला.

भोयरभाऊंचे दोन्ही हात पुन्हा बाजूंना गेले.

"अंकल, हो गया," रायपूरच्या गाडीतून आलेले वन विभागाचे अधिकारी म्हणाले. "पिंजरे में है. उतरने दीजिए उसको."

"मादी है ना?"

"हाँ, मादी है."

"बच्चा?"

"देख लिया है हमने. कुछ नहीं है."

"म्या नाही पाह्यलं," भोयरभाऊ म्हणाले. अधिकाऱ्यांना मराठी कळली नसावी, पण ते दारातून बाजूला झाले.

त्याच आठवड्यात मी चिठ्ठी फळ्यावर लावली, वाघासकट सगळ्या चुका कबूल करून. लोकांनी ती वाचली आणि भोयरभाऊंच्या विनयाचं कौतुक केलं. उन्हाळ्यात मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली, आणि पावसाळ्यात ते गेल्याचा तिचाच फोन आला. त्यामुळे भोयरभाऊ म्हटलं की मला दिसतं ते त्या दुपारचं, शेडच्या दारातून पाहिलेलं.

ते एकटे आत गेले. शेड रिकामी होती, बाहेर गलका होता. पहिल्या थप्पीपाशी ते गुडघ्यांवर बसले, मग हात टेकून पालथे झाले आणि गाल फरशीला लावून खालच्या फटीत पाहिलं. उठले. दुसऱ्या थप्पीपाशी तसंच. मग वेल्डिंगच्या पडद्यामागे, मग पाइपांच्या ढिगात एकेका पाइपाच्या तोंडाशी वाकून. पांढऱ्या शर्टाचं पोट काळं झालं होतं. वरून गैंदलाल पाहत होता, हात कठड्यावर. वानखेडे म्हणाला, "अहो, किती वेळ?" मी म्हटलं, "लागू दे."

पुरता अर्धा तास लागला. शेवटी ते शिडीच्या पायथ्याशी आले, शिडीकडे पाठ करून उभे राहिले, शेडच्या सगळ्या कोपऱ्यांकडे तोंड करून. मग मागे न वळता उजवा हात बाजूला काढला, बोट खाली केलं आणि सावकाश गोल फिरवलं.

गैंदलाल एकेक पायरी उतरू लागला.